लेख ठेवायचा की वगळायचा: एका सॉफ्टवेअर अभियंत्याच्या उल्लेखनीयतेची चर्चा

इंग्रजी विकिपीडियावरचा एखादा लेख वगळावा असं कुणाला वाटलं आणि त्यावर दुमत होण्यासारखं असेल, तर त्याची उघड चर्चा होते. लेखाच्या डोक्यावर सूचना लागते, चर्चेचं वेगळं पान उघडतं आणि निदान सात दिवस कुणीही तिथे येऊन आपलं म्हणणं मांडू शकतं. मी बरीच वर्षं तिथे शुद्धलेखन, तुटलेले दुवे, अर्धवट संदर्भ असली किरकोळ डागडुजी करत आले आहे. या चर्चांकडे मात्र लांबूनच बघायचे. तिथली भाषा कोरडी असते, नियमांची लघुरूपं एकमेकांच्या अंगावर फेकली जातात आणि नवखा माणूस पहिल्या पाच ओळींतच गारद होतो. फेब्रुवारीत एका सॉफ्टवेअर अभियंत्याच्या लेखावर अशी सूचना लागली. विषय माझ्या रोजच्या कामाचा होता, म्हणून या वेळी उतरायचं ठरवलं. नियमांची पानं हवी तेवढी सापडतात, पण प्रत्यक्ष बसून निर्णय कसा करायचा हे कुणी सांगत नाही, म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

त्या गृहस्थांचं नाव देत नाही, त्यांना ‘क्ष’ म्हणूया. फाइली एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणारी एक मुक्तस्रोत लायब्ररी, म्हणजे इतर सॉफ्टवेअरांना आयता वापरता येणारा, सगळ्यांना खुला असलेला कोड, त्यांनी लिहिली आणि पुढे अनेक वर्षं जवळपास एकहाती सांभाळली. ती असंख्य सॉफ्टवेअरांच्या पोटात चालते आणि वापरणाऱ्याला तिचं नावही माहीत नसतं. नंतर ते एका नव्या कंपनीत तंत्रज्ञानप्रमुख झाले. लेखात त्यांची जन्मतारीख, शिक्षण, लायब्ररी, कंपनी, पेटंट आणि ‘पुरस्कार व सन्मान’ असं सगळं रीतसर होतं. खाली संदर्भांची लांबलचक यादी. वगळण्याचा प्रस्ताव मांडणाऱ्याने एवढंच लिहिलं होतं: संदर्भ भरपूर, पण त्यातला एकही यांच्याबद्दल स्वतंत्रपणे आणि सविस्तर बोलत नाही.

माझा कल सुरुवातीला सरळच होता, लेख ठेवायला हवा. ज्याचा कोड आपण रोज वापरतो तो माणूस विश्वकोशात नसेल तर कोण असणार? पण उल्लेखनीयतेचा नियम वाचायला घेतला की हा प्रश्नच बाजूला पडतो. माणूस किती हुशार, काम किती उपयोगी, पगार किंवा पद केवढं, याला तिथे जागा नाही. विचारलं जातं ते असं: या माणसाशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह अशा एकाहून जास्त स्रोतांनी त्याच्याबद्दल पुरेसं विस्ताराने लिहिलं आहे का? यातला प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे तपासावा लागतो. स्रोत विश्वासार्ह असून स्वतंत्र नसेल तर उपयोग नाही, आणि स्वतंत्र असून नुसतं नाव घेऊन पुढे गेला असेल तरीही नाही.

काही क्षेत्रांना यात थोडी वेगळी वाट आहे. राष्ट्रीय किंवा प्रांतिक विधिमंडळावर निवडून आलेले लोकप्रतिनिधी उल्लेखनीय धरले जातात. प्राध्यापक-संशोधकांसाठी निराळे निकष आहेत: त्यांच्या शोधनिबंधांचा त्या विषयावर पडलेला प्रभाव, किंवा एखाद्या नामांकित विद्वत्संस्थेचं मोजक्यांनाच मिळणारं सदस्यत्व. ‘आयट्रिपलई’ (IEEE) या अभियंत्यांच्या संघटनेचा फेलो असणं त्यात बसतं, कारण एका वर्षात तिच्या मतदार सदस्यांपैकी एक दशांश टक्क्यापेक्षा जास्त लोकांना तो मान देता येत नाही. तिथलाच ‘सीनियर मेंबर’ मात्र बसत नाही, कारण ते अनुभवाच्या जोरावर अर्ज करून मिळतं. हा फरक नीट लक्षात ठेवा, चर्चेत हमखास गल्लत होते. प्रोग्रॅमर, सिस्टीम इंजिनियर, कंपनीतले तंत्रज्ञानप्रमुख यांना असा वेगळा दरवाजा नाही. त्यांना सर्वसाधारण निकषातूनच जावं लागतं, आणि तिथेच बहुतेक जण अडकतात. पडद्यामागे राहून केलेल्या कामावर पत्रकार सहसा लिहीत नाहीत. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारी ‘ओपनएसएसएल’ ही लायब्ररी मोजकी माणसं सांभाळत होती हे जगाला कळलं ते एप्रिल २०१४ मध्ये तिच्यातली ‘हार्टब्लीड’ नावाची चूक उघडकीस आल्यावर. सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा बातमी होत नाही.

पहिल्या दिवशी मी मत दिलं नाही. आधी चर्चेच्या पानावर एका ओळीत सांगून टाकलं की ही लायब्ररी मी कामात वापरते, क्ष यांना ओळखत नाही, त्यांच्या कंपनीशी माझा संबंध नाही. नियमाप्रमाणे एवढं सांगणं बंधनकारक नसावं, पण नंतर कुणी उकरून काढण्यापेक्षा आपणच आधी सांगितलेलं बरं. मग माझ्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या लिखाणाच्या पानावर, एक तक्ता केला. प्रत्येक संदर्भाला एक ओळ आणि पुढे चार रकाने: स्वतंत्र आहे का, विश्वासार्ह आहे का, विस्तार आहे का, आणि लिहिणाऱ्याने स्वतः काही तपासून-तोलून लिहिलंय की कुणाचं म्हणणं जसंच्या तसं उतरवलंय. मुळातला प्रत्येक दुवा उघडून वाचायचा, एवढा एकच नियम मी स्वतःला घालून घेतला. चर्चेतली निम्मी मतं नुसती शीर्षकं बघून दिलेली असतात, असं माझं मत झालंय.

पैसे मुळीच लागले नाहीत, वेळ मात्र खूप लागला. वर्गणी भरल्याशिवाय न उघडणारी नियतकालिकं आणि संशोधनाचे संग्रह विकिपीडियाच्या संपादकांना मोफत वाचता येतात. त्यासाठी खातं किमान सहा महिन्यांचं, नावावर ५०० संपादनं आणि गेल्या महिनाभरात निदान १० संपादनं असावी लागतात. ही सोय असताना कित्येक जण ‘दुवा उघडत नाही’ एवढं लिहून मोकळे होतात.

तक्ता भरायला लागल्यावर लांबलचक यादी भराभर आखडत गेली. कंपनीच्या संकेतस्थळावरची ओळख, परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेतला वक्त्याचा परिचय, गिटहब आणि लिंक्डइनची पानं हे सगळं त्यांनी स्वतः किंवा त्यांच्यासाठी कुणीतरी लिहिलेलं. पेटंटही तसंच. पेटंट मिळालं हे खरं असतं, पण तो अर्जदाराचाच दस्तऐवज, आपल्या शोधाबद्दल आपणच लिहिलेला. पेटंटांची संख्या मोठी असली की लोक दबतात, पण त्या शोधाविषयी दुसऱ्या कुणी लिहिलेलं लागतं.

कंपनीला भांडवल मिळाल्याच्या बातम्या पुष्कळ होत्या. चार-पाच संकेतस्थळांवरच्या बातम्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर वाक्यंच्या वाक्यं सारखी. सगळ्यांचा उगम एकच प्रसिद्धीपत्रक, तेव्हा त्यांचे पाच संदर्भ होत नाहीत, आणि जो होतो तोही स्वतंत्र नव्हे. शिवाय बातमी कंपनीची होती, त्यात क्ष यांचं एक वाक्य अवतरणात. कंपनी प्रसिद्ध असली तरी तिची उल्लेखनीयता तिथल्या माणसाला वारशाने मिळत नाही.

‘फोर्ब्स’च्या संकेतस्थळावरच्या लेखाने चर्चेत बराच घोळ घातला. नाव मोठं, त्यामुळे दोघातिघांनी त्याच्याच जोरावर ‘ठेवा’ म्हटलं. पण लेखकाच्या नावाखाली ‘कॉन्ट्रिब्युटर’ असं होतं. तिथे पगारी पत्रकारांचं लेखन वेगळं आणि बाहेरच्या लेखकांचं वेगळं. बाहेरच्यांचं लेखन फारशा संपादकीय देखरेखीशिवाय छापलं जातं, म्हणून विकिपीडियावर ते सर्वसाधारणपणे विश्वासार्ह धरत नाहीत. मोठ्या नावाचा दुवा दिसला की आधी लेखकाच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा. ‘प्रायोजित’, ‘भागीदारांकडून’, ‘ब्रँड’ असं काही लिहिलंय का तेही बघा.

मग मुलाखती. दोन पॉडकास्ट आणि एक लेखी प्रश्नोत्तर. इथे मी जरा घुटमळले. एखाद्याला मुलाखतीला बोलावलं म्हणजे त्याची दखल घेतली, असं आपल्याला वाटतं. पण तिथे माहिती देणारा तो स्वतःच असतो. मुलाखतकाराने सुरुवातीला स्वतः शोधून, तपासून काही लिहिलं असेल तर तेवढा भाग धरता येतो. लेखी प्रश्नोत्तराला तीन ओळींची प्रस्तावना होती, आणि त्या ओळी कंपनीच्या संकेतस्थळावरून उचललेल्या होत्या. विषय संपला.

‘पुरस्कार व सन्मान’मध्ये तरुण तंत्रज्ञांच्या याद्या होत्या. त्यातली एक तर अर्जासोबत शुल्क घेणारी निघाली.

शेवटी चाळणीत दोनच गोष्टी उरल्या. एका तंत्रज्ञानविषयक मासिकातला त्या लायब्ररीवरचा दीर्घ लेख, त्यात क्ष यांच्याबद्दल चांगले चार-पाच परिच्छेद, आणि पत्रकाराने इतर प्रोग्रॅमरांशीही बोलून लिहिलेला. आणि दुसरा, संगणकशास्त्राच्या नियतकालिकातला शोधनिबंध, ज्यात लायब्ररीच्या रचनेची चिकित्सा होती, पण क्ष यांचं नाव फक्त एकदा. म्हणजे लायब्ररीसाठी दोन स्रोत भक्कम, आणि माणसासाठी एक, फार तर दीड. खरी पंचाईत इथेच होते. काहीच नसतं तर हात झटकून ‘वगळा’ लिहिता आलं असतं.

या टप्प्यावर मला भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांचं प्रकरण आठवत राहिलं. मे २०१८ मध्ये त्यांच्यावरच्या लेखाचा मसुदा परत पाठवला गेला, कारण दिलेल्या संदर्भांवरून उल्लेखनीयता दिसत नाही असं तपासणाऱ्याला वाटलं. २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि त्याच दिवशी लेख उभा राहिला. खरं म्हणजे नोबेलची वाट बघायचं कारणच नव्हतं. प्रकाशशास्त्रातल्या मोठ्या संस्थेच्या त्या फेलो आणि माजी अध्यक्ष होत्या, म्हणजे संशोधकांच्या निकषात आधीच बसत होत्या. मसुद्यातले संदर्भ तोकडे होते, पण बाहेर शोधलं असतं तर सापडलं असतं. लेखात काय दिलंय त्यापेक्षा जगात काय उपलब्ध आहे हे बघायचं असतं, असं नियमही सांगतो. म्हणून तक्ता बाजूला ठेवून मी पुन्हा शोधाला बसले.

शोधाच्या काही युक्त्या इथे उपयोगी पडल्या. नावाची वेगवेगळी लेखनं करून बघायची, आद्याक्षरं घालून आणि गाळून. नावासोबत लायब्ररीचं नाव, मग नुसतं आडनाव आणि लायब्ररी. त्याच नावाचा एक दंतवैद्य आणि एक बुद्धिबळपटू निघाले, त्यांना वजा करायचं. पुस्तकांचा शोध वेगळा, शोधनिबंधांचा वेगळा. मेलेले दुवे, जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हमध्ये. आणि शोधयंत्र किती लाख निकाल दाखवतं, हा आकडा पूर्ण विसरायचा. त्याला पुरावा म्हणून काडीचं मोल नाही.

इकडे चर्चेचं पान तापलं होतं. एका संध्याकाळी नुकतीच उघडलेली काही खाती एकापाठोपाठ आली आणि ‘ते महान अभियंते आहेत’, ‘आमचे प्रेरणास्थान’ अशा धर्तीवर ‘ठेवा’ लिहून गेली. कुणीतरी बाहेर हाकाटी केली होती हे उघड होतं. अशा मतांपुढे ‘या खात्याने या विषयाबाहेर फारशी संपादनं केलेली नाहीत’ अशी शांत टीप लावली जाते, आणि निकाल देणारा डोकी मोजत नाही, युक्तिवाद तोलतो. त्यामुळे अशी फौज आणून ज्याच्यासाठी आणली त्याचंच नुकसान होतं. दुसऱ्या बाजूला ‘वगळा’वाल्यांतले एक सदस्य प्रत्येक मताखाली जाऊन वाद घालत होते. तेही तितकंच कंटाळवाणं. आपलं म्हणणं एकदा नीट लिहावं, कुणी थेट विचारलं तर उत्तर द्यावं आणि उठावं.

आठवड्याच्या मध्यावर खुद्द क्ष तिथे आले. त्यांचं लिहिणं मला आजही जवळपास तोंडपाठ आहे, पण मथितार्थच सांगते. लेख त्यांनी लिहिलेला नव्हता. कंपनीच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्यांनी तो करवून घेतला होता. जन्मतारीख चुकीची होती, पदवीचं वर्ष चुकीचं होतं, आणि लायब्ररी ‘एकट्याने निर्माण केली’ हे वाक्य त्यांना सर्वात जास्त खटकत होतं, कारण सुरुवातीचा बराच कोड दुसऱ्या दोघांचा होता. लेख राहिला काय, गेला काय, पण राहिला तर एवढं दुरुस्त करा, असं त्यांनी सौम्यपणे म्हटलं होतं.

ते वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तोवर मी उल्लेखनीयतेकडे उंबरठ्यावरच्या रखवालदारासारखं बघत होते, आत कोणाला सोडायचं आणि कोणाला नाही. आता दिसलं की त्या लेखातल्या चुकांचं आणि उल्लेखनीयतेच्या अडचणीचं मूळ एकच. स्वतंत्रपणे कुणी लिहिलेलंच नाही, म्हणून लेख लिहिणाऱ्याने समाजमाध्यमांवरून तारीख उचलली, प्रसिद्धीपत्रकातून विशेषणं उचलली, आणि ते पडताळायला कुणापाशी काही साधन नव्हतं. खरंखोटं करायला तिसरा माणूस नसेल तर जिवंत माणसाचं चरित्र लिहूच नये, हे त्या नियमामागचं साधं कारण आहे.

जन्मतारीख मी लगेच काढून टाकली. हयात व्यक्तींबद्दलचा बिनसंदर्भ किंवा कच्च्या संदर्भाचा वादग्रस्त आणि खासगी मजकूर काढायला चर्चेचा निकाल लागायची वाट बघावी लागत नाही. ‘एकट्याने’ हे वाक्य मासिकातल्या लेखाच्या आधारे बदललं. प्रसिद्धीवाल्यांच्या बाबतीत दुसऱ्या एका अनुभवी सदस्याने संबंधित खात्याला समज दिली. पैसे घेऊन संपादन करायला सरसकट बंदी नाही, पण कोणासाठी आणि कोणाच्या पैशावर ते जाहीर करणं २०१४ पासून वापराच्या अटींतच बंधनकारक आहे.

मग मी मत लिहिलं. ‘लायब्ररीच्या लेखात विलीन करा’ असं ठळक अक्षरांत, खाली तक्ता, आणि कारण चार वाक्यांत: चांगले स्रोत लायब्ररीबद्दल बोलतात, माणसाबद्दल त्यांतला एकच विस्ताराने बोलतो, जेवढं पडताळता येतं तेवढं लायब्ररीच्या लेखात दोन परिच्छेदांत मावतं, स्वतंत्र चरित्राला ते पुरत नाही. शेवटी सही. ‘जतन करा’ दाबताना हात जड झाला होता. ज्याच्या कामावर आपलं काम उभं आहे त्याच्याबद्दल ‘पुरेसं नाही’ असं लिहिणं, कितीही नियमाला धरून असलं तरी, सुखाचं नसतं.

सात दिवस झाले, निकाल लागला नाही. मतं विभागलेली होती म्हणून चर्चा आणखी आठवडाभर वाढवली गेली. हे नेहमीचं आहे, घाबरू नका. वाढवलेल्या मुदतीतच चांगले लोक येतात, असं मला दिसलं. एकांनी मुक्तस्रोत प्रकल्प सांभाळणाऱ्यांवरच्या एका पुस्तकातलं प्रकरण शोधून काढलं, ज्यात क्ष यांच्यावर दीड पान होतं. माझा तक्ता मी त्याप्रमाणे बदलला आणि बदल केल्याचं खाली नोंदवलं. दीडाचे दोन झाले, म्हणजे पारडं जवळजवळ समतोल. ते पुस्तक क्ष यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचं आहे, हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं, आणि पारडं पुन्हा खाली गेलं. मला वाटतं, तिथे प्रामाणिक माणसं दोन्ही बाजूंना असू शकतात. निकष कितीही स्पष्ट केले तरी ‘पुरेसा विस्तार’ कुणाला एक पान वाटतो, कुणाला चार.

चर्चेत मधेच एका सदस्याने ‘एक्सझेड’ या फाइली आकुंचित करणाऱ्या मुक्तस्रोत लायब्ररीचा दाखला दिला. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा माग काढत, त्या लायब्ररीत कुणीतरी पेरलेला चोरदरवाजा जाहीर केला. जगभर बातम्या झाल्या. अशा वेळीही पहिला प्रश्न येतो तो हा, की प्रसिद्धी एकाच घटनेपुरती आहे का. तसं असेल तर नियमाचा कल घटनेवर लेख लिहिण्याकडे असतो, माणसावर नव्हे. आमच्या प्रकरणाला ते लागू नव्हतं, पण उजळणी झाली.

निकाल मार्चच्या पहिल्या आठवड्यात लागला: विलीनीकरण आणि पुनर्निर्देशन. म्हणजे क्ष यांचं नाव शोधलं की वाचक लायब्ररीच्या लेखात पोहोचतो, आणि जुन्या लेखाचा इतिहास मागे शाबूत राहतो. निकाल देणाऱ्या प्रचालकाने (लेख वगळण्यासारखे जादा अधिकार असलेल्या सदस्याने) आपली कारणमीमांसा सविस्तर लिहिली होती, भावुक मतं बाजूला का ठेवली हेही. ती न पटणाऱ्याला आधी प्रचालकाशी बोलता येतं आणि मग फेरविचारासाठी जाता येतं. फेरविचारात प्रक्रिया नीट झाली का हे बघतात, तोच वाद पहिल्यापासून मांडता येत नाही. विलीन करण्याचं प्रत्यक्ष काम मीच अंगावर घेतलं. बाकी कुणी घेत नाही, हे आधीच सांगून ठेवते. दोन परिच्छेद, चार संदर्भ आणि संपादनाच्या सारांशात मजकूर कुठून आणला त्याची नोंद. परवान्याच्या दृष्टीने ती नोंद हवीच.

क्ष यांनी नंतर चर्चापानावर आणखी एक प्रश्न विचारला, तो इतरांच्याही उपयोगाचा आहे. त्यांना कुणाकडून तरी निरोप आला होता की ठरावीक रक्कम दिली तर लेख परत आणून ‘सुरक्षित’ करून देऊ. असे निरोप फसवे असतात. २०१५ मध्ये अशीच एक टोळी उघडकीस आली होती. परत पाठवलेले मसुदे आणि वगळलेले लेख हेरायचे, मग त्या माणसांकडून पैसे उकळायचे. तेव्हा ३८१ खाती बंद झाली आणि २१० लेख काढले गेले. कुठलाही प्रचालक लेखाच्या बदल्यात पैसे मागत नाही, मागितले तर तो निरोप विकिपीडियाकडेच पाठवावा.

एक गोष्ट राहिली. मराठी विकिपीडिया किंवा इतर कुठल्याही भाषेतला विकिपीडिया आपापले निकष ठरवतो, त्यामुळे इंग्रजीतला हा निकाल तिथे आपोआप लागू होत नाही, आणि एका भाषेत लेख असणं हे दुसरीकडे कारण म्हणून चालत नाही. क्ष यांचं पुनर्निर्देशन माझ्या निरीक्षणसूचीत आहे. त्यांच्यावर नवं, स्वतंत्र आणि सविस्तर काही छापून आलं तर लेख पुन्हा उभा करता येईल. त्यासाठी कंपनीतल्या कुणी थेट पान बदलू नये. लायब्ररीच्या लेखाच्या चर्चापानावर आपण कोण ते सांगून स्रोताचा पूर्ण तपशील द्यावा, प्रकाशन, तारीख, पान क्रमांक. मी किंवा दुसरं कुणीतरी तो वाचू.